न भांडलेल्या तिघीजणी

१

रुपालीताईने साडीच्या घडीत हात घातला आणि ती ओरडलीच नाही. मला आधी तेच विचित्र वाटलं. ती नुसती आपल्या हाताकडे बघत राहिली. मोरपंखी साडीवर एक थेंब पडला, मग दुसरा, मग बोटांमधून धारच लागली, तेव्हा कुठे तिच्या तोंडून बारीक आवाज आला, "दर्शनाताई, आत काहीतरी आहे."

दर्शनाताई म्हणजे माझी मम्मी; रुपालीताई आणि ती ह्याच दुकानात काउंटरला असतात. तिने रुपालीताईचा हात ओढणीत गुंडाळला, वर धरला आणि दुसऱ्या हाताने साडी झटकली. काचेच्या काउंटरवर टिंग करून काहीतरी पडलं. कटरच्या पात्याचं तुटलेलं टोक.

दुकानात एवढी गर्दी, पण ते टिंग सगळ्यांना ऐकू आलं.

हे हेमकांती साड्या, हिंदमाता. मे महिना, लग्नसराई पेटलेली. माझे दहावीचे व्हेकेशन क्लास दादरलाच असतात, त्यामुळे क्लास सुटला की मी दुकानात येऊन बसते, थंड पाणी पिते आणि लोकांची बोलणी ऐकते. मला हे सगळ्यात जास्त आवडतं. त्या दिवशी मात्र वाटलं, उठून पळावं.

कारण ही तिसरी साडी होती. पंधरवड्यात तीन बायका साड्या परत घेऊन आल्या होत्या आणि तिन्ही साड्या आतून चिरलेल्या. फाटलेल्या नाहीत हां, चिरलेल्या. सरळ, स्वच्छ, शस्त्राने. पहिली राणी रंगाची होती. आमचे जुने सेल्समन रामदासकाका, ते ती साडी पुतळ्याला नेसवून बघायला गेले, किती दिसतंय म्हणून. चीर बरोबर पुतळ्याच्या गळ्याखाली आली. काकांनी तिथल्या तिथे साडी सोडली आणि छातीला हात लावला. "करणी आसा ही," म्हणाले. तेव्हापासून दुकानात कोणी एकटं माळ्यावर जात नव्हतं.

आणि आता रक्त.

दुकानाचे मालक हितेंद्रशेठ गल्ल्यावरून उठून आले. पातं बघितलं, रुपालीताईचा हात बघितला आणि मम्मीवर ओरडले. इतक्या मोठ्याने, की समोरच्या दुकानातला सेल्समन दारात आला.

"तिन्ही साड्या तुझ्या काउंटरच्या! तिन्ही तुझ्या हातच्या! काय चाललंय काय दर्शना? माझं दुकान बुडवायला निघालीस?"

"शेठ, मी प्रत्येक साडी ट्यूबलाइटसमोर धरून दाखवते. गिऱ्हाईकासमोर घडी घालते. तुम्हाला माहितेय."

"मला काही माहीत नाही. उद्या सकाळी ये. बोहनीच्या आधी मी माझ्या दुकानात पोलीस आणणार नाही. पण बोहनी झाली, की एक तर कबूल कर आणि निघ, नाहीतर चौकीत चल."

मम्मीने रुपालीताईच्या हातावरची ओढणी आणखी घट्ट केली. आमचं घर तिच्या पगारावर चालतं, ते एक झालं. पण ब्लेडवाली बाई म्हणून एकदा नाव झालं, की हिंदमाताच काय, अख्ख्या दादरमध्ये तिला कोणी काउंटरला उभं करणार नाही. हे तिला कळलं होतं. मलाही कळलं.

म्हणजे माझ्या हातात उद्याच्या पहिल्या विक्रीपर्यंतचा वेळ होता.

२

इथे मृणालिनीताईबद्दल सांगायलाच हवं.

मृणालिनीताई माटुंग्याच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात पीएचडी करत होती. विषय: गिऱ्हाइकाची तक्रार आली की दुकान ती कशी निस्तरतं, आणि त्यानंतर गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानात येतं का. शेठनी तिला कोपऱ्यातलं स्टूल देऊन टाकलं होतं. ती मांडीवर टॅब घेऊन बसायची, कोण कसं बोलतं ते टिपायची, अधूनमधून बाहेर जाऊन कॉफी आणायची, मला पण. मला "तू शार्प आहेस" असं म्हणणारी ती जगातली पहिली व्यक्ती. नववीपर्यंत मी वर्गात हात वर करायची नाही, आता खाली घेत नाही, त्यातलं अर्धं क्रेडिट तिचं.

तिने मला एक ट्रिक शिकवली होती. "सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा, नम्रता. त्याच शब्दांत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि मग गप्प बसायचं. कितीही ऑकवर्ड झालं तरी आपण बोलायचं नाही. तरच उत्तरांची तुलना होते."

म्हटलं, चला, आज हीच ट्रिक. प्रश्न ठरवला: हे पातं घडीत कधी गेलं असेल?

रामदासकाका गोणपाटावर बसून बिडी शोधत होते.

"काका, हे पातं घडीत कधी गेलं असेल?"

"गो बाय, माका विचारतंस?" त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "माणसाचा काम असता तर सांगलंय असतंय. ह्या माणसाचा काम न्हय."

मी गप्प. ते पण गप्प. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आवशीन नाय केल्यान. पण माझा कोण ऐकता?"

रुपालीताई डॉक्टरकडून परत आली होती. हाताला बोंडाएवढं बँडेज, चेहरा पांढरा. तिला दारासमोरचा मम्मीचा काउंटर हवा होता, हे अख्ख्या दुकानाला माहीत होतं.

"हे पातं घडीत कधी गेलं असेल?"

"मला काय विचारते? काउंटर पाहिजे म्हणून मी माझीच बोटं कापीन काय?" ती फणकारली. मी गप्प राहिले. तिचे डोळे भरले. "टाके पडलेत. बोट वाकेल की नाही ते नंतर कळेल म्हणतात. घरी मशीनवर फॉल-पिको कोण करणार गं?"

शेठ रागारागाने नोटा मोजत होते. पण विचारलं.

"पॅक करताना. आणखी कधी? कॅमेरा बघितला मी. तुझी मम्मी घडी घालताना दिसते, पिशवीत भरते तेव्हा हात काउंटरच्या खाली जातात. तिथलं काही दिसत नाही. जा आता."

शेवटी मृणालिनीताई. मला वाटलं, ती मम्मीची बाजू घेईल.

ती टॅबवरून बोट फिरवत राहिली.

"दुकानातून बाहेर जायच्या आधी," ती म्हणाली. "सॉरी, नम्रता. तिन्ही पिशव्या दर्शनाताईंच्याच काउंटरवरून गेल्या. शेठनी विचारलं, मला जे दिसलं ते सांगावं लागलं."

तेवढ्यात मागे खण ओढल्याचा आवाज झाला. शेठनी मम्मीच्या काउंटरचा खण पूर्ण बाहेर काढला होता. त्यातून त्यांनी तिकिटांचे दोरे कापायचा पिवळा कटर उचलला आणि पातं पुढे सरकवलं.

टोक तुटलेलं होतं.

३

आता, तशा कटरचं टोक सगळेच मोडतात. बोथट झालं की मोडायचं, त्यासाठीच पात्यावर रेघा असतात. पण घाबरलेल्या माणसाला हे सांगून काय उपयोग? आणि सगळेच घाबरले होते.

त्या तिन्ही साड्या माळ्यावर टाकलेल्या. मला त्या बघायच्या होत्या. दुकान बंद व्हायला अजून वेळ होता, खाली गिऱ्हाइकं होती, म्हणून हिंमत केली आणि शिडी चढले.

माळ्यावर वाकून चालावं लागतं. एकच बल्ब, त्याचं बटण खाली. कोपऱ्यात मोडके पुतळे उभे, मुंडकी नसलेले, पांढऱ्या चादरीत. मी त्यांच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं आणि सारखी बघत राहिले.

राणी रंगाची साडी जमिनीवर पसरली. चीर एक नव्हती, एकाखाली एक अशा कितीतरी होत्या. एक हातभर लांब, पुढची त्याहून लहान, मग आणखी लहान. शेवटची तर सुईएवढी. दिवाळीला कंदिलासाठी कागदाची घडी घालून कात्री मारतो ना, उघडल्यावर भोकं ओळीने दिसतात, अगदी तसं. वरून पातं दाबलं की सगळ्यात वरच्या थराला मोठी चीर पडणार, खाली जाईल तशी लहान.

म्हणजे मोठी चीर कुठे आहे ते बघितलं, तर चिरताना वर काय होतं ते कळणार!

मी साडी ओढली. मोठी चीर साडीच्या अंगात होती, साध्या भागात. पदरावर सुईएवढी. दुसरी साडी उघडली. तेच. मोरपंखी उघडली, रक्ताचा डाग सुकून काळा झालेला. तेच.

आणि बल्ब गेला.

शिडी वाजली. एक पायरी, मग दुसरी. मी तोंडावर हात दाबला. खालच्या उजेडाच्या चौकोनातून आधी एक हात वर आला. हातात सुरी होती.

मी किंचाळले. सुरीवालाही किंचाळला.

"मेलंय गो मेलंय! कोण ता?"

"काका? मी आहे, नम्रता!"

"गो चेडवा, हय काय करतंस काळोखात?" रामदासकाका धापा टाकत वर आले. दुसऱ्या हातात लिंबू. "कोणी नाय असा समजान मी लाइट बंद केलंय; उतारो काळोखातच करूचो लागता. ह्या लिंबू कापूक इलंय. पीडा जावक व्हयी."

तरी मला विचारल्याशिवाय राहवेना. "काका, आपल्या दुकानात घडी घालतो, तेव्हा पदर कुठे असतो?"

"वर. नायतर गिऱ्हाईक बसात कित्याक? पदर बघूनच बसता ना."

"आणि घरी?"

"घराक पदर आत. पदराची जर घासता नाय."

मी तिथेच बसले. आमच्या दुकानाच्या घडीत पदर वर असतो. चिरताना पदर आत होता. म्हणजे साडी चिरली तेव्हा ती उलगडून, घरच्यासारखी पुन्हा घडी घातलेली होती. मम्मी गिऱ्हाइकासमोर घडी घालते, ते तर कॅमेऱ्यातही आहे. साड्या दुकानात चिरल्याच नव्हत्या. बाहेर गेल्यावर चिरल्या होत्या.

पण मग भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच. स्वतःची नवीकोरी साडी कोण चिरतं? एखादी वेडी असेल. तिघी? एकमेकींना न ओळखणाऱ्या? म्हणजे त्या तिघींच्या मागे कोणीतरी एक होतं. ज्याला मम्मीचाच काउंटर हवा होता.

घरी परळला आल्यावर मम्मीने भात लावला आणि त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. मी विचारलं, "मम्मी, त्या तिघी कशा होत्या गं?"

"चांगल्या होत्या बिचाऱ्या. शिकलेल्या वाटल्या. एकीनेही आवाज चढवला नाही."

माझा हात थांबला. "भांडल्या नाहीत?"

"नाही ना. एकट्याच आल्या, पिशवी ठेवली, शांतपणे बोलल्या."

"घेताना पण एकट्या आलेल्या? काय बोलल्या?"

मम्मीने आठवलं. "हो, तेव्हाही एकट्याच. आणि परत आणताना म्हणाली, साडी आत चिरलेली निघाली. तुम्ही आता यावर काय करणार? आणि मग गप्प. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मलाच कसंतरी झालं."

"ही कोण?"

"पहिली. पण दुसरीही तसंच म्हणाली. आणि तिसरी…" मम्मी माझ्याकडे वळली. "अगं, तीही तेच म्हणाली. शब्दाला शब्द."

कुकरची शिटी झाली आणि मी एवढी दचकले, की हातातलं ताट खाली पडलं. एकच प्रश्न. त्याच शब्दांत. आणि मग गप्प.

मला रडू आलं, आणि ते मम्मीसाठी नव्हतं.

४

सकाळी दुकान उघडताना मी शेठच्या मागे लागले. "शेठ, मला सांगायचंय…"

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "बोहनी."

"पण शेठ, मम्मीने…"

"बोहनी होऊ दे, नम्रता! वाद नको सकाळी सकाळी."

मृणालिनीताई स्टुलावर येऊन बसली होती. माझ्याकडे बघून हसली. मी पण हसले. माझा चेहरा कसा दिसला कुणास ठाऊक, कारण तिचं हसू हळूहळू विझलं. मग ती मला एकटक बघत राहिली.

पहिलं गिऱ्हाईक आलं, किंमत विचारून गेलं. दुसरं रंग बघून गेलं. मी मनात म्हणत होते, घेऊ नका, कोणीही काही घेऊ नका. शेठचा राग थोडा उतरेपर्यंत तरी. मग आल्या पाचजणी. लग्नाची मुलगी, आई, आत्या, आईची जाऊबाई आणि नुसतीच एक शेजारीण. मम्मीच्याच काउंटरला बसल्या.

आणि मम्मीने त्यांना साड्या दाखवायला सुरुवात केली. रोजच्यासारखी! मुलीचा रंग बघून, आत्याच्या नाकाचा शेंडा बघून. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, वाईट दाखव, उलट बोल, जाऊ दे त्यांना. मुलीला एक अबोली आवडली. पाचहीजणींनी मान डोलावली. मम्मीने साडी ट्यूबलाइटसमोर धरली आणि थांबली.

"ही नको, ताई. काठाचा धागा कच्चा आहे. दुसरी देते."

जाऊबाई शेजारणीला म्हणाली, "बघ, अशी बाई पाहिजे दुकानात."

साडी ठरली. आत्याने फोन पुढे केला. गल्ल्यावरच्या डब्यातून बाईचा आवाज आला, पैसे मिळाले म्हणून. शेठनी बोहनीचा मेसेज आलेला आपला फोन दोन्ही डोळ्यांना लावला, खाली ठेवला आणि मम्मीकडे वळले.

"दर्शना."

"मी सांगते!" मी एका रिकाम्या स्टुलावरच चढले. खरंच चढले, कारण नाहीतर काउंटरच्या मागून मी कोणाला दिसलेच नसते.

मी आधी माळ्यावरून खाली आणलेल्या साड्या दाखवल्या. मोठी चीर कुठे, सुईएवढी कुठे, पदर वर की आत. मोरपंखीची घडी शेठनी स्वतः घालून बघितली. दोनदा.

"मग गिऱ्हाइकांनीच चिरल्या म्हणतेस? तीन-तीन बायकांनी? का?"

"त्या गिऱ्हाईक नव्हत्याच. शेठ, तिघी लग्नसराईत साडी घ्यायला एकट्या आल्या."

"एकटी?" ही आत्या. कोणी विचारलं नव्हतं. "मी रुमाल घ्यायला निघाले तरी ही मागून येते."

"आणि नवी साडी चिरलेली निघाली, तरी एकही भांडली नाही."

पाचहीजणी एकदम हसल्या. "न भांडता?" जाऊबाई म्हणाली. "मी असते तर ह्या काउंटरवर चढून बसले असते!"

"तिघींनी एकच वाक्य म्हटलं आणि गप्प बसल्या. कारण त्यांना तसं शिकवलं होतं. उत्तरांची तुलना करता यावी म्हणून." मी मृणालिनीताईकडे वळले. "हो ना, ताई?"

मृणालिनीताई उभी राहिली. शांत. "नम्रता, तू दमलीयेस. हा योगायोग आहे. प्रूफ काय तुझ्याकडे?"

तिचा हात पर्समध्ये गेला. मम्मी एका उडीत माझ्या आणि तिच्या मध्ये आली. हातात मीटरपट्टी घेऊन! पर्समधून टॅबचं कव्हर निघालं. ती जायला निघाली होती.

"कॅमेऱ्यात तिघींचे चेहरे आहेत," मी मम्मीच्या मागून म्हणाले. "शेठ, माटुंग्याला कॉलेजात जाऊन दाखवूया? कोणीतरी ओळखेल."

ती दारापाशी थांबली. तिथे रुपालीताई उभी होती, बँडेज छातीशी धरून. वाट अडवायला नाही, नुसती उभी.

"ताई," रुपालीताई म्हणाली, "माझं काय चुकलेलं?"

मृणालिनीताईचा चेहरा पाण्यात कागद विरघळावा तसा झाला. "टोक आत राहिलंय हे मला माहीत नव्हतं. शपथ. पातं मोडलं, मी शोधलं, सापडलं नाही."

"पण का?" शेठ ओरडले. "मी स्टूल दिलं, पंखा दिला!"

"तक्रारीच येत नव्हत्या!" ती पण ओरडली. "विषय तक्रारींचा, आणि ह्या बाई प्रत्येक साडी उजेडात धरून देतात. महिनोन्‌महिने बसले, हातात काही नाही. गाइड म्हणाले, डेटा नाही तर पीएचडी नाही. मग मैत्रिणींना साड्या घ्यायला पाठवलं. सर्वोत्तम काउंटर चूक कशी निस्तरतो, ते बघायचं होतं. चौथीनंतर थांबणार होते."

"आणि शेठ मम्मीला चौकीत चल म्हणाले तेव्हा?" मी विचारलं. "तेव्हा पण टिपत होतीस?"

तिने खाली बघितलं. मला वाटतं, टिपत होती.

मम्मीने मीटरपट्टी ठेवली. "आधी रुपालीला घेऊन दवाखान्यात जा. टाके निघेपर्यंत, बोट वाकेपर्यंत, रोज तू नेणार. त्याच्यानंतर तुझ्या कॉलेजात आपण सगळे येऊ, तुझ्या सरांना भेटायला."

ती गेली. रुपालीताई तिच्याशी एक शब्द न बोलता पुढे चालत होती.

शेठनी कपाळाचा घाम पुसला, इकडे तिकडे बघितलं आणि पुटपुटले, "बरं, दर्शना, झालं ते झालं. तुझी काही चूक नव्हती. घे काउंटर."

मम्मी हलली नाही.

"मोठ्याने, शेठ."

"अगं, गिऱ्हाइकं आहेत."

"काल पण होती. काल जेवढ्या मोठ्याने बोललात, तेवढ्याच मोठ्याने."

मी मम्मीला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेठनी आत्याकडे बघितलं. आत्याने पिशवी मांडीवर घेतली आणि नीट सावरून बसली, आता ऐकूनच जाणार म्हणून.

शेठनी घसा खाकरला.

"दर्शनाची काही चूक नव्हती!" ते ओरडले. समोरच्या दुकानातला सेल्समन दारात आला. "माझी चूक झाली!"

"हां," मम्मी म्हणाली. मग दारात नुकत्याच येऊन थबकलेल्या दोघी बायकांकडे बघून तिने गादीवरची जागा हाताने साफ केली.

"या ताई, बसा. काय दाखवू?"